चार फितींचा ग्रुप कॅप्टन

२०२३ च्या मे महिन्यात, बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीच्या अंगाला असलेल्या एका गावात, एका घराच्या सोप्यात आम्ही पाच जण बसलो होतो. मध्ये ताटलीत कुंदा होता आणि अर्धा तास झाला तरी त्याला कुणी हात लावला नव्हता. बेळगावकडच्या घरात कुंदा असा पडून राहिला म्हणजे समजावं, काहीतरी बिनसलंय.

घरातले धाकटे चिरंजीव हवाई दलात ग्रुप कॅप्टन, मालवाहू विमानांचे वैमानिक. सुट्टीवर आले होते. एअर कमोडोर या वरच्या हुद्द्याच्या बढतीसाठी बसलेल्या बोर्डाची यादी चार दिवसांपूर्वी लागली होती आणि तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. नोकरी २६ वर्षं झालेली, वय ४९. आता पुढं काय, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर त्या दुपारी निघालं नाही. निघायला दीड वर्ष लागलं.

मी अधिकारी नव्हतो. एअरमन म्हणून भरती झालो, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर म्हणून बाहेर पडलो, आणि नोकरीची शेवटची वर्षं सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमध्ये नव्या पोरांना शिकवण्यात गेली. आता बेळगावात एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, आणि हवाई दलाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना चार गोष्टी सांगतो. मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, ‘सर, एअर मार्शल व्हायला किती वर्षं लागतात?’ तेव्हा मी त्यांना हे प्रकरण सांगतो. साहेबांची परवानगी आहे. नाव-गाव सांगायचं नाही, एवढीच अट. घरात त्यांना धाकले म्हणतात. मी साहेबच म्हणतो.

गावाला न कळलेला हुद्दा

आमच्या भागात फौज म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. रेजिमेंटचं केंद्रच बेळगावात, आणि गावोगावी दर चार घरांमागं एक पेन्शनर. त्यामुळं सुभेदार, सुभेदार मेजर, मेजर, कर्नल हे सगळ्यांना पाठ. हवाई दलाचे हुद्दे मात्र कुणाच्या डोक्यात बसत नाहीत. साहेब स्क्वाड्रन लीडर झाले तेव्हा गावात बातमी फुटली की ‘पोरगं लीडर झालंय’, आणि एका पक्षाच्या कार्यकर्त्यानं हारसुद्धा आणला.

खरी गंमत २०१९ मध्ये झाली. फेब्रुवारीत अभिनंदन वर्धमान यांच्यामुळं ‘विंग कमांडर’ हा शब्द घराघरांत पोचला. आमचे साहेब तोवर विंग कमांडरचे ग्रुप कॅप्टन झाले होते. पारावर एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘मास्तर, ह्येनी चांगले कमांडर होते की. मग कॅप्टन कशाला केलं? काय चुकलं काय?’ त्याच्या हिशेबी कॅप्टन म्हणजे मेजरच्या खाली. ग्रुप कॅप्टन म्हणजे पायदळातला कर्नल, हे त्याला पटवायला मला एक चहा खर्चावा लागला, आणि तरी तो पटला नाही.

खांद्यावरच्या फितींनी तर आणखी घोळ होतो. फ्लाइंग ऑफिसरला एक, फ्लाइट लेफ्टनंटला दोन, स्क्वाड्रन लीडरला दोन जाड आणि मध्ये एक बारीक, विंग कमांडरला तीन, ग्रुप कॅप्टनला चार. इथवर चढती भाजणी. त्याच्या वर एअर कमोडोर झाला की चारही जातात आणि एकच, रुंद फीत येते. साहेबांच्या आईंना मी एकदा हे समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘चाराची एक करून देतात, आन त्याला बढती म्हणतात व्हय?’

त्या एका रुंद फितीवर हे सगळं प्रकरण उभं आहे.

इथं मुलांना एक गोष्ट सांगावी लागते, ती कोचिंगच्या जाहिरातीत नसते. विंग कमांडरपर्यंतची वाट वेळेवर चालते. डिसेंबर २००४ मध्ये अधिकाऱ्यांच्या बढत्यांवरच्या अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी लागू झाल्या तेव्हापासून २ वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, ६ वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, १३ वर्षांनी विंग कमांडर. परीक्षा द्या, रेकॉर्ड साफ ठेवा, फीत मिळते. पुढं निवड सुरू होते. जागा मोजक्या, बोर्ड बसतं, आणि एकाच तुकडीतले, एकाच मेसमध्ये वीस वर्षं जेवलेले लोक एकमेकांचे स्पर्धक होतात. निवड झाली नाही तरी २६ वर्षांच्या सेवेनंतर ‘टाइम स्केल’ ग्रुप कॅप्टन करतात. त्याच्याही खांद्यावर चारच फिती. या दोन ग्रुप कॅप्टनांची निवृत्तीची वयं वेगळी ठेवली होती, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये अतुल शुक्ला यांच्या खटल्यात न्यायालयानं तो भेद मोडीत काढला. आमचे साहेब निवड झालेल्यांपैकी होते, पण दुसऱ्या बोर्डात. हे ‘दुसऱ्या’ लक्षात ठेवा.

त्यांची वाट

चौथीपर्यंत गावातली मराठी शाळा. घर रनवेच्या अंगाला, त्यामुळं विमानाचं वेड कुठून आलं हे विचारायला नको. सांबऱ्याचा तळ ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमाराला केला. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो अजून ‘गोऱ्यांचं मैदान’ आहे. दहावीनंतर औरंगाबादच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेत निवड झाली. सीमाभागातल्या मुलाला महाराष्ट्राचं दार उघडं असण्याच्या ज्या थोड्या जागा आहेत त्यांतली ही एक. तिच्या जाहिरातीत महाराष्ट्राबरोबर बेळगाव, कारवार, बिदर हे जिल्हेही असायचे. तिथून एनडीए. म्हैसूरच्या निवड मंडळात वैमानिकाची अभियोग्यता चाचणी दिली. ती तेव्हा आयुष्यात एकदाच देता यायची, नापास झालं की वैमानिक होणं कायमचं संपलं. ते पास झाले. खडकवासल्याला तीन वर्षं, मग दुंडिगलच्या अकादमीत विमान शिकणं, आणि तिथं वाटा फुटतात: लढाऊ, मालवाहू, हेलिकॉप्टर. त्यांना मालवाहू मिळालं. येलहंक्याला पुढचं शिक्षण झालं आणि मग एएन-३२.

एएन-३२ हे १९८४ पासून आपल्याकडं असलेलं, दोन पंख्यांचं, अवाढव्य आवाजाचं विमान. त्याच्यावर बातमी होत नाही. अरुणाचलात मेचुका, तुटिंग अशा जागी दऱ्यांतून वळणं घेत जायचं, तांदूळ, रॉकेल, कधी आजारी जवान, कधी बाळंतीण घेऊन यायचं. ढग दरीत शिरले की परत. साहेब सांगायचे, ‘मास्तर, फायटरवाल्याला शत्रू दिसतोय तरी. आम्हाला डोंगर दिसत नाही, तोच आमचा शत्रू.’ पण मालवाहूवाल्याचंही नाव होतं, होत नाही असं नाही. ३१ मे २००८ ला दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर, साडेसोळा हजार फुटांच्या वर, ४३ वर्षांनी विमान उतरलं ते एएन-३२ च होतं, आणि ते उतरवणारे होते ग्रुप कॅप्टन सूर्यकांत चाफेकर. पुढं ते एअर व्हाइस मार्शल झाले. साहेबांच्या कपाटात त्या बातमीचं कात्रण होतं.

तांबरमला प्रशिक्षकाचा कोर्स केला. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या साधनांवर उडण्याच्या पात्रतेत सगळ्यात वरचं ‘मास्टर ग्रीन’ मिळवलं. तेराव्या वर्षी विंग कमांडर. इथपर्यंत तुकडीतल्या पहिल्या काही जणांत त्यांचं नाव यायचं.

गावाचं निदान

परत त्या सोप्यात येऊ. यादीत नाव नाही हे कळल्यावर पहिलं निदान एका मामांनी केलं. ‘आपण सीमाभागातली माणसं. बंगळूर म्हणतंय तुम्ही मराठी, मुंबई म्हणतीय तुम्ही कर्नाटकातले. वर आपला माणूस कोण आहे?’ हे वाक्य आमच्याकडं दाखल्यापासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक अडचणीला लागू होतं आणि पुष्कळदा खरंही असतं. १९५६ पासून इथली तीन पिढ्या माणसं हेच ऐकत आली आहेत. तेव्हा मामांना हसण्यात अर्थ नव्हता.

खरं, इथं ते लागू नव्हतं. बढतीच्या बोर्डापुढं माणसाचा दाखला जात नाही, त्याचे वार्षिक अहवाल जातात. प्रदीप वसंत नाईक नागपूरचे, २००९ ला हवाई दलप्रमुख झाले. विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे, ३० सप्टेंबर २०२१ पासून प्रमुख. आम्ही सोप्यात बसलो होतो त्या दिवशी तेच त्या खुर्चीवर होते. मामांनी लगेच फिरवलं, ‘म्हणजे बघा, चौधरीसाहेब आपलेच, तरी आपल्या पोराचं झालं नाही!’

दुसरं निदान थोरल्या बंधूंचं. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून तीन फितींचे हवालदार म्हणून निवृत्त, आता शेती बघतात. ते म्हणाले, ‘फायटरवाल्यांनी सगळं बळकावलंय.’ यात थोडं तथ्य आहे. अगदी वरच्या खुर्चीवर बहुतेक लढाऊ वैमानिकच बसत आले. फली मेजर हे २००७ ला प्रमुख झाले तेव्हा हेलिकॉप्टरवाला त्या जागी येण्याची ती पहिली वेळ होती. पण एअर कमोडोरच्या पायरीवर मालवाहूवाल्यांनाही जागा असतात. साहेबांच्याच तुकडीतले दोन एएन-३२ वाले यादीत होते.

साहेब तोवर गप्प होते. मग एवढंच म्हणाले, ‘माझं बोर्ड आत्ता नाही झालं. ते बारा वर्षांपूर्वीच झालंय. मीच बसवलं होतं.’

थोरले उठून परड्यात गेले. ते कशाबद्दल होतं, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

बारा वर्षांपूर्वी

२०११ मध्ये साहेबांच्या वडलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. थोरले तेव्हा काश्मीरमध्ये होते, त्यांची रजा संपली होती. घरात आई, थोरल्या वहिनी आणि लहान मुलं. साहेबांची वेळ नेमकी कशी होती पाहा. निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची, जिथं अधिकाऱ्यांना वरच्या जबाबदाऱ्यांसाठी तयार करतात, परीक्षा त्यांनी पास केली होती आणि नाव लागलं होतं. तिथून आल्यावर एखाद्या मुख्यालयात बसायचं, मग स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या एका पथकाची, कमान. हवाई दलात ज्याला पुढं जायचं असतं त्याची वाट साधारण अशी असते, आणि ती त्यांच्या पुढ्यात होती.

त्यांनी वेलिंग्टन सोडलं आणि घरच्या अडचणीचं कारण देऊन घराजवळची बदली मागितली. ती मिळाली, आणि तीही थेट सांबऱ्याला. फौजेवर लोक बऱ्याच गोष्टींचा राग काढतात, पण इथं दलानं माणसासारखं वागून दाखवलं, हे सांगितलंच पाहिजे.

तीन वर्षं ते आमच्या तळावर होते. सांबरा हे शिकवण्याचं ठाणं; एएन-३२ तिथं राहत नाही, वैमानिकाचं काम तिथं नसतं. सकाळी परेडवर कडक इस्त्रीत दिसणारा विंग कमांडर संध्याकाळी लुंगी नेसून म्हशीची धार काढताना मी पाहिलाय. वडलांना दोन्ही हातांनी उचलून परसात नेऊन बसवायचे. वडील शेतकरी, बोलता येत नव्हतं, पण विमान वरून गेलं की डाव्या हातानं दाखवायचे. साहेब सांगायचे, ‘डॉर्नियर, अप्पा.’ किंवा, ‘एटीआर, अप्पा.’ तिसऱ्या वर्षी अप्पा गेले.

आता त्या तीन वर्षांची किंमत सांगतो, कारण माझी मुलं बरोबर इथंच ऐकत नाहीत. वैमानिक उडला नाही की त्याची पात्रता उतरते. परत स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर साहेबांना मास्टर ग्रीन पुन्हा मिळवावं लागलं, त्यात वर्ष गेलं. वेलिंग्टनची वेळ एकदा टळली ती टळली. नंतर वय आणि सेवा दोन्ही पुढं सरकलेली असतात. स्क्वाड्रनची कमान मिळाली, पण बरोबरीच्यांपेक्षा उशिरा. कमान चांगली केली. त्यांच्या हाताखाली असलेल्या एका सार्जंटनं मला आपणहून फोन करून सांगितलं होतं, ‘मास्तर, तुमच्या गावचे सीओ, आमचे कमांडिंग ऑफिसर, भारी आहेत.’ तरी बोर्ड बसतं तेव्हा शेवटच्या ठरावीक वर्षांचे अहवाल समोर येतात. बरोबरीच्यांकडे तोवर कमान, स्टाफ, पुन्हा उड्डाणाची जबाबदारी अशी भरलेली पानं असतात. साहेबांच्या फाईलला मधली तीन पानं अशी होती की त्यांत वाईट काही नव्हतं आणि वर नेईल असंही काही नव्हतं. म्हणून ग्रुप कॅप्टन दुसऱ्या बोर्डात. म्हणून एअर कमोडोरच्या पहिल्या यादीत नाव नाही.

चूक कुणाची? मी हा प्रश्न वर्गात टाकतो तेव्हा पोरं लगेच सिस्टीमला धरतात. एकदा एका मुलीनं म्हटलं, ‘पण सर, थोरले त्या वेळी रजा वाढवून घेऊ शकले असते ना?’ मी त्या मुलीला काही बोललो नाही. थोरल्यांनी स्वतःला हा प्रश्न किती वेळा विचारला असेल हे मला माहीत आहे. हवालदाराला काश्मीरातून किती रजा मिळते, तेही माहीत आहे.

हिशेब

त्या मे महिन्यात साहेबांपुढं तीन रस्ते होते. पुढच्या बोर्डाची वाट बघायची. किंवा आहे त्या हुद्द्यावर, एनसीसीसारख्या ठिकाणी, निवृत्तीच्या वयापर्यंत राहायचं. किंवा कागद टाकून बाहेर पडायचं आणि प्रवासी विमान कंपनीत जायचं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर माझ्यासमोर हिशेब मांडला, तसाच देतो.

सातव्या वेतन आयोगात ग्रुप कॅप्टनचा मूळ पगार १,३०,६०० पासून सुरू, एअर कमोडोरचा १,३९,६०० पासून. फरक नऊ हजार. लष्करी सेवावेतन १५,५०० दोघांना सारखंच. त्याच्या वरच्या एअर व्हाइस मार्शलला १,४४,२००, आणि त्याला सेवावेतन नाही. म्हणजे त्या रुंद फितीसाठी माणसं झोप घालवतात ती पैशासाठी नव्हेच. साहेब म्हणाले, ‘नऊ हजारात हल्ली पोरांच्या होस्टेलचा खर्चसुद्धा भागत नाही.’

मग फीत कशासाठी? एअर कमोडोर झालं की मोठा तळ हातात येतो, दिल्लीत एखाद्या विषयाचा शब्द आपला असतो, आणखी काही वर्षं निळ्या कपड्यांत मिळतात. ग्रुप कॅप्टन वैमानिकाची पन्नाशी उलटली की दार जवळ येतं. एअर मार्शल ६० पर्यंत, प्रमुख ६२ पर्यंत किंवा तीन वर्षं. वर जाल तेवढा काळ वाढतो. ज्याला तेविसाव्या वर्षापासून दुसरं काही माहीत नाही त्याला हा काळच पगार वाटतो.

कंपनीचा हिशेब वेगळा. तिथं ६५ पर्यंत उडता येतं, पगार मोठा. साहेबांचे उड्डाणाचे तास पाच हजारांवर होते. एअरलाइन वैमानिकाच्या परवान्याला १,५०० लागतात, तेव्हा ती अडचण नव्हती. अडचण दुसरीच. लष्करातलं उडणं तिथं तसंच्या तसं चालत नाही: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा, हवामान, दिशाशास्त्र, नियम, सगळं पोरांसारखं पाठ करायचं. शिवाय नागरी वैद्यकीय तपासणी. एएन-३२ च्या आवाजानं डाव्या कानाची वरची पट्टी थोडी गेली होती, तिची धाकधूक. आणि कागद टाकला की लगेच सोडतातच असं नाही. वैमानिक घडवायला सरकारचा पैसा लागलेला असतो, परवानगी नाकारण्याचा त्यांना हक्क आहे. वर पेन्शनचा एक काटा: ७ नोव्हेंबर २०१५ च्या ‘वन रँक वन पेन्शन’च्या आदेशात, यापुढं आपणहून आधी बाहेर पडणाऱ्यांना तो लाभ नाही असं कलम होतं. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण घर चालवणाऱ्या माणसानं कोर्टावर हिशेब मांडू नये.

वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, केंद्रीय विद्यालयात शिक्षिका. सव्वीस वर्षांत त्यांनी अकरा घरं लावली. त्यांनी कागद बघितला, आणि एकच विचारलं, ‘यात तुम्ही कुठं उडताय ते लिहिलंच नाही.’ दुसऱ्या रस्त्यावर उडणं नव्हतं. पहिल्या रस्त्यावर, एअर कमोडोर झालं तरी, जवळपास नव्हतंच. हुद्दा वाढतो तसं वैमानिकाचं बूड कॉकपिटपेक्षा खुर्चीवर जास्त टेकतं. उडणं होतं ते फक्त तिसऱ्यात.

आईंचं मत कुणी विचारलं नाही, तरी त्यांनी दिलं. चारच महिन्यांपूर्वी, २८ जानेवारीला, मध्य प्रदेशात मोरेनाजवळ सुखोई आणि मिराज कोसळून मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले होते. बेळगावचेच. शहरातल्या अंत्यदर्शनाच्या गर्दीत आई स्वतः गेल्या होत्या, कुणाला न सांगता, वडापमध्ये बसून. सोप्यात त्या म्हणाल्या, ‘यादीत नाव न्हाई म्हणून तोंड पाडून बसलाय. त्या माउलीच्या दारात जाऊन बसा एक डाव.’ मग कुंद्याची ताटली उचलून प्रत्येकाच्या हातावर चमचा चमचा ठेवत गेल्या. घेतला सगळ्यांनी.

पुढं

साहेबांनी पहिला रस्ता धरला, पण तिसऱ्याची तयारी करत. माझं मत वेगळं होतं आणि मी ते सांगितलंही होतं: एक बोर्ड गेलं की लगेच बाहेर पडा, कंपनीत ज्येष्ठता रुजू झालेल्या दिवसापासून मोजतात, एक वर्ष म्हणजे एक वर्ष. ते म्हणाले, ‘मास्तर, नाव दुसऱ्यांदाही आलं नाही तर माझं मन साफ होईल. आत्ता गेलो तर जन्मभर वाटत राहील, थांबलो असतो तर?’ व्यवहारानं माझं बरोबर होतं. अजूनही वाटतं. पण मला त्या खांद्याचं वजन माहीत नाही, फिती कशा मोजतात तेवढंच माहीत आहे.

तेवढ्या वर्षात त्यांनी उड्डाण शिकवण्याची जागा मागून घेतली आणि पुन्हा कॉकपिटमध्ये बसले. रात्री परीक्षांचा अभ्यास. मुलगी बारावीला, तीही त्याच टेबलावर. हवामानशास्त्रात ते पहिल्या खेपेला नापास झाले. वीस वर्षं अरुणाचलाच्या ढगांत उडालेला माणूस ढगांच्या प्रश्नपत्रिकेत नापास! मुलीनं त्यांचा पेपर तपासून सांगितलं, ‘बाबा, तुम्ही जे होतं ते लिहिलंय. पुस्तकात आहे ते लिहायचं असतं.’

२०२४ च्या बोर्डातही नाव आलं नाही. त्या रात्री त्यांनी मला फोन केला नाही, थोरल्यांना केला. काय बोलले ते मी विचारलं नाही. आठवड्यानं अर्ज गेला, परवानगी यायला काही महिने लागले, आणि नोव्हेंबरात ते बाहेर पडले. कानाची तपासणी निभावली.

कंपनी निवडताना बहुतेक जण मोठ्या जेटकडं धावतात. साहेबांनी एटीआर घेतलं, दोन पंख्यांचं, छोट्या गावांना जाणारं. म्हणाले, ‘पंख्याची सवय आहे.’ मला वाटतं कारण तेवढंच नव्हतं, कारण सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानांत एटीआर असतं. ५१ व्या वर्षी ते उजव्या खुर्चीवर बसले, सहवैमानिक म्हणून. डाव्या खुर्चीवरचा कप्तान ३४ वर्षांचा, त्यांच्या स्क्वाड्रनमधल्या कोवळ्या पोरांच्या बरोबरीचा. पहिल्या दिवशी तो कप्तान त्यांना चुकून ‘सर’ म्हणाला आणि मग दिवसभर दोघंही एकमेकांना ‘सर’ म्हणत राहिले.

गेल्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा विमान घेऊन सांबऱ्याला आले. परतीला तासाभराचा अवधी, बाहेर पडता येत नाही. थोरले आणि आई नव्या टर्मिनलच्या कुंपणापाशी उभे होते, मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं होतं. साहेब जिन्यावरून उतरून लांबूनच हात करून गेले. रात्रीच्या मुक्कामाची ड्युटी त्यांना पुढच्या महिन्यात मिळाली तेव्हा घरी आले. कंपनीचा पांढरा शर्ट वहिनींनी दोरीवर वाळत घातला होता. आईंनी खांद्यावर बोट ठेवून मोजलं.

‘तीनच हाईत की रे. एक कुठं पडली?’

‘कप्तानाला चार, आई. मला तीन.’

थोरले पायरीवर बसून कोबीची रोपं मोकळी करत होते. त्यांनी मान वर केली, दोरीवरच्या शर्टाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘म्हणजे हवालदार झालास म्हण की. ये, बस हितं. पाणी सोडायचंय, मोटार चालू कर आधी.’

साहेब मोटार चालू करायला गेले.